चौकट एकशे बारा

ऑगस्टचा तिसरा आठवडा. पाऊस नाही.
रात्री दीडला उपग्रह वरून जातो,
आमच्या गावाच्या वाट्याला त्याची नजर
पापणी लवेल एवढीच.
सकाळी माझ्या लॅपटॉपवर
काहायान नदीचा डावा काठ
चौकटीचौकटीनं उघडतो.

रस्ता किती लांब, कालवा किती लांब,
मागच्या जळिताला वर्षं किती झाली,
पाणी जमिनीत किती खोल गेलंय,
एवढ्यावर मी रंग भरतो:
पिवळा, नारिंगी,
आणि एकशे बाराला पिकल्या मिरचीचा लाल.

इथली आग ज्वाळा घेऊन येत नाही.
ही जमीन म्हणजे पानांवर पानं, मुळांवर मुळं,
हजारो वर्षं भिजत पडलेली रास.
पाणी उतरलं की आतल्या आत धुमसते,
पायाखालून चालत जाते
आणि आठवड्यानं भलत्याच बुंध्याशी
धूर काढत बसते.
वरच्याला दिसते तोवर उशीर झालेला.

मिना कंबांग पुरुन गवताची चटई विणत होती.
(मिना म्हणजे आमच्यात मावशी.)
पडदा तिच्यापुढं धरला.
वीण चुकलीय का बघावं तसं तिनं बघितलं.
"इथं माझी तीन बेजे आहेत. कुठंयत?"

बेजे म्हणजे तिच्या आज्यानं खणलेली लांबट तळी,
पुराचे मासे अडकून राहावेत म्हणून.
दोन हात रुंद.
माझी चौकट शंभर मीटरची.
नव्हतीच.

"आणि ही सरळ निळी रेघ?"
कालवा, मी म्हणालो.
भातासाठी खणलेला, माझ्या जन्माआधी.
भात पिकला नाही,
रानातलं पाणी मात्र तेव्हापासून
रात्रंदिवस नदीला जातंय.
"मग चोराला पाण्याचा रंग कशाला दिलास?"

दुसऱ्या दिवशी तिथं गेलो.
नळीत दोरी सोडली: बहात्तर सेंटीमीटर.
चाळीसच्या खाली घाबरायचं, असं शिकवलंय.
बेजेत मात्र हिरवं पाणी होतं,
आणि त्यात तोंड वर काढणारे मासे.

गलमचे खांब, मध्ये मातीची पोती,
अकरा माणसं, तीन दिवस.
बापा सावांग काठावर उभा राहून विचारत होता,
"माझी होडी कुठून न्यायची? रबर डोक्यावर वाहू?"
उत्तर कुणापाशीच नव्हतं.
अजून तो माझ्याशी बोलत नाही.

सप्टेंबरात पलीकडचा काठ नऊ दिवस धुमसला.
एकशे बारा वाचली.
बांधामुळं, बेजेंमुळं, की वारा फिरला म्हणून,
न लागलेल्या आगीची नोंद
उपग्रहाकडे नसते.

तिन्ही बेजे मी पायी फिरून टिपली,
एकेक ठिपका, तिच्या आज्याच्या नावानं.
कालव्याचा निळा पुसून टाकला.
तिथं कुठला रंग द्यायचा
ते अजून ठरत नाही.