पिऊ नये, गोड आहे

शकूरभाईंनी फोनवर तीनदा बजावलं, इंजिन गार हवं.
तापल्या रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे
नवरा-बायकोच्या भांडणात मधे पडणं.
म्हणून गाडी रात्रभर तशीच उभी ठेवली
आणि रविवारी, दूधवाला यायच्या आधी,
उत्तमनगरच्या बोळात
मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून
तिच्या खाली शिरले.

जानेवारी. फरशी दातांसारखी लागत होती पाठीला.

सत्त्याण्णवची मारुती. ढिकले सरांची.
दिवाळीत घेतली तेव्हा कागदांसोबत त्यांनी दिलं
एक फडकं, एक दहा-अकराचा पाना,
आणि एक वाक्य :
कसाऱ्याला थोडा वेळ थांबवायचं तिला. दमते.

झाकण उघडलं तर हिरवं काहीच नव्हतं.
बोट घातलं, तांबडं आलं.

खालचा प्लग हलेना.
शालन वरून टॉर्च धरून म्हणाली, ताई, ठोक.
म्हटलं, तुटेल गं.
जुनं प्लास्टिक आधी कुरकुरत नाही, एकदम जातं.
मग खालच्या होजची क्लिप पक्कडीनं दाबली,
मागे सारली,
रबर पिळलं, पुन्हा पिळलं,
आणि ते सुटलं
आधी माझ्या बाहीत, मग काखेत,
उरलं तेवढं टबात.

एवढ्यात बोळाच्या तोंडाशी कानटोपी दिसली.
सर. फिरायला निघाले होते म्हणे, इकडून.
इकडून ते कधीच जात नाहीत.

टबाकडे बघत उभे राहिले.
शाळेचा चहा दिसतोय, शालन पुटपुटली.
सर म्हणाले, मी पाणीच घालायचो.
घोटीला ढाब्यावरचं. घरी बोअरचं.
एकदा सिन्नर फाट्यावर एका बाईनं
डोक्यावरचा हंडा उतरवून दिलं होतं.
चालायची हो गाडी.

मी काही बोलले नाही.
सत्तावीस वर्षांचं सगळं पाणी एका टबात,
आणि मीच ते काढलेलं.

नळाचं पाणी भरलं, सोडलं. तांबूस.
भरलं, सोडलं. पिवळट.
तिसऱ्यांदा टबाचा तळ दिसला,
त्यावर छापलेली कंपनीची फुलंसुद्धा.
होज जागेवर, क्लिप जागेवर.
मग बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर निम्मं,
हिरवं कूलंट निम्मं,
दवणीय औषधासारखं हळू हळू,
कारण आत हवा अडकून बसते.

झाकण न लावता गाडी चालू कर,
शकूरभाई स्पीकरवर ओरडले,
आणि हीटर फुल.

हीटर? सर म्हणाले. हिला?

तो लाल-निळ्या पट्टीवरचा दांडा
शालननं दोन्ही हातांनी ओढला तेव्हा कुठे सरकला.
आधी धूळ आली. मग वाळलेला पाला, कडुनिंबाचा.
इंजिननं एक ढेकर दिली, हिरव्यात बुडबुडा फुटला,
पातळी खाली गेली, मी ओतलं,
आणखी एक ढेकर, आणखी थोडं ओतलं.
मग वरचा होज हाताला चटका देऊ लागला
आणि आत, डॅशबोर्डच्या जाळीतून,
ऊब.

सरांनी दार उघडलं. ड्रायव्हरचं नाही, पलीकडचं.
वाकून दोन्ही तळवे जाळीसमोर धरले.
बराच वेळ.
प्रमिला शाल घेऊन बसायची इथे, म्हणाले.
थंडीत. इगतपुरीपासून पुढे.

रेडिएटरचा पंखा अचानक सुरू झाला, आम्ही तिघंही दचकलो.

पुठ्ठ्याच्या कडेला थोडं हिरवं सांडलं होतं.
चिक्कू, आमच्या बोळाचा कुत्रा, नाक लावायला आला.
त्याला हाकललं, दोन बादल्या पाणी मारलं.
उरलेली बाटली माळ्यावर,
जुनं पाणी रॉकेलच्या कॅनमध्ये,
शकूरभाईंच्या गॅरेजला न्यायचं, गटारात नाही.
दोन्हींवर शालननं मार्करनं लिहिलं,
पिऊ नये. गोड आहे.
सरांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
वाक्य बरोबर आहे, म्हणाले.

सोमवारी सकाळी बघितलं
तर पातळी दोन बोटं उतरलेली.
तेवढं भरलं.
मग सरांना फोन लावला, उगाच,
दोन बोटं उतरली होती हे सांगायला.