दर लाखामागे

नोंदणी कचेरीत माझं टेबल खिडकीशी आहे.
खाली सावा नदी, पल्याड सपाट गव्हाची रानं,
टेबलावर तेरा गावांचे तेरा गठ्ठे.
यासेनिकचा जाड.
वर्बित्साचा इतका पातळ
की पंखा लावायची भीती वाटते.

दोन गावांच्या मधे एक ओहोळ आहे,
बारा वर्षांचं पोर धावत येऊन उडी मारेल
एवढाच रुंद.

नियम सांगतो, दर काढायचा तो लाखामागे.
यासेनिकात माणसं चारशे बारा.
लाख तिथं कधीच नव्हती,
कबरी धरल्या तरी नाहीत.
तरी मी भागते, गुणते,
तीन माणसांचे सातशे अठ्ठावीस होतात
आणि राजधानीतून फोन येतो:
बाई, आकडा चुकला का?
नाही चुकला.
मी नावं वाचते. रेगिना, तून्योची विधवा.
मार्तिन आणि लोव्रो, सख्खे भाऊ, एकाच दाराचे.
तिघांनाही मूत्रनळीत गाठ.
पलीकडे कुणीतरी खोकतं.

आधी लोकांनी पाण्याला दोष दिला.
विहिरी बुजवल्या, नळ आणले.
मग रक्ताला.
यासेनिकची मुलगी करू नका, म्हणाले,
पन्नाशीत तळवे पिवळे पडतात.
सोयरिकी मोडल्या, एकदा तर हॉल ठरला होता,
वाजंत्री परत गेले.
पण बाहेरून आलेल्या सुनाही
वीस-पंचवीस वर्षांत तशाच पिवळ्या झाल्या.
रक्त काही लग्नाच्या अंगठीनं बदलत नाही.

शेवटी उत्तर बांधावर सापडलं.
गुडघाभर तण, फिकट पिवळं फूल,
इथं त्याला लांडग्याचं पाऊल म्हणतात.
गहू पिकतो तेव्हाच त्याचं बी पिकतं,
त्याच विळ्याखाली येतं,
त्याच पोत्यात,
त्याच गिरणीत,
त्याच पावात.

म्हाताऱ्या मांदानं मला ओसरीवर बसवून सांगितलं:
आम्ही ताठ होतो गं.
घरच्या गव्हाशिवाय पाव खाल्ला नाही.
वर्बित्साची जमीन पाणथळ, तिथं गहू कुजायचा,
ते बिचारे आलुबुखार विकून
शहरातलं पीठ आणायचे, कागदी पिशवीत.
आम्ही हसायचो त्यांना.
विकतची पोटं, म्हणायचो.

जात्यातले रडतात, सुपातले हसतात,
अशी म्हण आहे.
यासेनिकात हसणारेच जात्यात होते,
जातं फक्त सावकाश होतं.
चाळीस वर्षं घेतली त्यानं एका घासाला.

मांदानं पाव कापला. आताचा, दुकानातला.
मी तुकडा हातात धरून
उगाच उजेडाकडे केला.
तिनं पाहिलं, काही बोलली नाही.
मी खाल्ला.

आता हा शेवटचा अर्ज.
वय एकाहत्तर. स्त्री.
नियम सांगतो, पत्ता लिहायचा तो
निदानाच्या दिवशीचा.
म्हणजे वर्बित्सा, चर्चमागचं घर,
अंगणात तीन आलुबुखार, एक वठलेला.
वर्बित्साची माणसं दोनशे तीस.
शून्याचं एक झालं
आणि दर चारशे चौतीस पूर्णांक अठ्ठ्याहत्तर.
उद्या फोन येईल.
म्हणतील, या गावात काय नवीन आहे?
पाणी तपासा, माती तपासा.

आईच्या मागे लाख माणसं कधीच नव्हती.
मी होते, धाकटा इव्हित्सा होता,
आणि सणाला ओहोळापलीकडून येणारी
आजीची टोपली, फडक्यात गुंडाळलेली, गरम.
वडील म्हणायचे, पीठ आहे ना आपलं.
आई म्हणायची, ते का पीठ आहे?

टोपलीतलं आम्हीही खाल्लं होतं.
तो हिशेब मी अजून मांडलेला नाही.

अर्जात शेऱ्याचा रकाना आहे,
दोन बोटं रुंद, सहसा रिकामा राहतो.
बारीक अक्षरात लिहिते:
सतराव्या वर्षी ओहोळ ओलांडून आली.
पाव माहेरचा.