पाठीला पाठ

शलमचेच्या आवारात ट्रक हद्द ओलांडत नाहीत.
माल ओलांडतो.
माझा ट्रक मागे मागे येतो, मुतशरचा मागे मागे येतो,
हमाल दोन भाषांत ओरडतात, बस्स, बस्स,
आणि दोन फाळके एकमेकांना टेकतात.
लढाईत पाठ दाखवली की गोळी घालत,
तीही आपलेच.
इथे पाठ दाखवल्याशिवाय एक टोमॅटो हलत नाही.

सकाळी काट्यावर बावीस टन भरले.
ऊन असं, की संध्याकाळपर्यंत
शंभर किलो तरी आकाशाच्या नावावर.
आमचे मंत्री आज बसऱ्याच्या हॉटेलात आहेत,
त्यांच्या मंत्र्याशेजारी, मध्ये गुलाबांची परडी.
रेडिओवर ऐकलं: शेजारधर्म, बंधुभाव, अमुक अब्ज.
इथे मुतशर म्हणतोय, रिकामे क्रेट परत आणलेत, चौसष्ट.
मी मोजले. बासष्ट.
त्यानं कागद नाचवला.
एक, दोन, तीन आमच्या दोघांचे सख्खे,
पण चार, पाच, सहाला त्यांचं वळण वेगळं, आमचं वेगळं.
चौसष्टातले दोन्ही आकडे परके.

त्या भांडणातच त्यानं विचारलं,
इकडे पहिल्यांदा कधी आलास?
मी नाही, म्हटलं. माझ्या पाठचा आला होता, फरामर्ज.
आमच्या पासष्ट साली, तुमच्या सत्त्याऐंशीच्या थंडीत.
मी देझफुलच्या इस्पितळात होतो, काविळीनं पिवळा.
तो माझे बूट घालून गेला,
भरतीच्या टेबलावर सतरा सांगून. होता पंधरा.
मासळीतळ्याच्या पाण्यात वीज सोडली होती म्हणे.

मुतशरनं सिगारेट अर्धीच विझवली.
मी तळ्याच्या त्या अंगाला होतो, म्हणाला.
स्वयंपाकी. मसूर शिजवायचो.
नुसता मसूरच का, मी विचारलं नाही.
हमाल क्रेट फेकत होते, झेलत होते.
एक फुटला. कुणी वाकलं नाही.

आता आमच्याकडून तारा जातात तिकडे,
उंच खांबांवरून,
युनिटच्या भावानं विकलेली वीज.
तिच्यावर मुतशरचा फ्रीज चालतो, सुनेचं शिवणयंत्र चालतं.
बिल थकतं, पैसे कुठल्याशा बँकेत अडकतात,
आणि आमचा कुणी साहेब खटका पाडतो.
गेल्या खेपेला म्हणाला, तुझा दिवा माझ्या घरात विझला रे,
नातू रात्रभर रडला.
मी म्हटलं, माझं भाडंही त्याच बँकेत आहे.
मग दोघेही त्या बँकेला शिव्या देत बसलो,
तो अरबीत, मी फारसीत.
शिव्या मात्र कळतात.

लढाई संपली तेव्हा आई म्हणाली होती,
त्या लोकांशी आपलं काही देणंघेणं नाही.
आज माझ्या सिगारेटच्या पाकिटावर लिहिलंय:
मुतशरकडून दोन क्रेट येणे.
त्यानंच लिहिलं. दोन वाचता आला.

निघताना त्यानं खजूर दिला, अबुल-खसीबचा,
जुन्या पेपरात गुंडाळून.
पेपरात कुठल्याशा बैठकीतले मंत्री हात मिळवत होते,
हात चिकट झालेले.
तो कागद मी वाटेतच फेकला, खजूर डब्यात घातला.

आईनं विचारलं, कुठला?
आपल्याकडचाच, मी म्हटलं.
तिनं एक तोंडात टाकला.
बी बराच वेळ गालात धरून बसली,
बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होईना.
मग तळहातावर बी काढून म्हणाली,
खोटं बोलावं तर फरामर्जनं.
आणि डबा पुढे ओढला.