उतरवून घेणे

परळचं हॉस्पिटल, तळघर, मे महिना,
आणि मी स्वेटर घालून बसले आहे.
रात्रीचा पाऊण. मोइझ रॅकच्या पाठीमागे, गरम बाजूला;
त्याचा फक्त खोकला ऐकू येतो.

आज मधला थर काढायचा.
सहा वर्षांपूर्वी आम्हीच घातलेला.
खालच्या डिस्क जुन्या, जड,
काही विचारलं की घसा खाकरून मग बोलणाऱ्या;
म्हणून त्यांच्यापुढे ही चपळ कॅश बसवली,
दारातल्या दारात उत्तर देणारी.
लोक खूश. आत कुणी जाईना.

पण चपळ माणसाचं असतं तेच तिचं.
"झालं" म्हणते,
आणि पदराला गाठ मारून ठेवते.
आत पोचवलेलं नसतंच सगळं.

रेकॉर्ड रूमचे केणी निवृत्त झाले तेव्हा
शाल दिली, नारळ दिला, दुसऱ्या दिवशी खुर्ची हलवली.
महिन्याभरानं कळलं, चौऱ्याऐंशी सालच्या फायली
कुठल्या कपाटात, ते फक्त त्यांना ठाऊक.
फोन केला तर सून म्हणाली,
ते आता मलाही ओळखत नाहीत.

म्हणून घाई नाही.
आधी तिला सांगितलं: नवं काही घेऊ नकोस,
येईल त्याला आत पाठव.
मग गाठी सोडायला घेतल्या,
तळाच्या डिस्कवर उतरवायला.
एकेचाळीस हजार. नऊ हजार. सहाशे.
मोइझनं डबा उघडला, खिचडा गार झालेला.
अकरा.
अकरा.
अकरा.

जबरदस्तीचा हुकूम असतो,
शेवटी एक शब्द जोडला की झालं.
बोटं त्या शब्दापर्यंत जाऊन आली.
मग शोधलं, धरून कुणी ठेवलंय?
चौथा मजला. नाइट ड्यूटी. डॉक्टर घारपुरे.
"मॅडम, उघडी फिल्म जरा बंद कराल?"
"थांबा हो. पोरानं नाणं गिळलंय,
कुठे अडकलंय ते बघतेय."

थांबलो.
तळघरात दोघं, न पाहिलेल्या नाण्यासाठी,
खिचड्याचा चमचा तसाच हातात.
दोन वाजून सहा मिनिटांनी ती म्हणाली,
"उतरलंय खाली. पोटात आहे. आता जाईल आपसूक."
आणि फिल्म मिटली.

शून्य.
मी पुन्हा मोजलं. मोइझनंही, त्याच्या पद्धतीनं.
मग वाट मोडली, येणारा आता थेट तळाशी;
मग थर सुटा केला, मग उपसला.
हातात कोमट, पत्त्यांच्या कॅटाएवढ्या चकत्या,
वर माझंच अक्षर.
तेव्हा मी 'श' वेगळा काढायचे.

सकाळी वरून तक्रार: फोटो यायला वेळ लागतो.
किती?
"चष्मा पुसून होईपर्यंत."
नोंद केली.
त्याच कागदावर, खाली, डोक्यातलं बाकीचंही:
कुठला पंखा कुरकुरतो, जादा किल्ली कुठे,
कुठली डिस्क सोमवारी रुसते.
मोइझनं वाकून वाचलं.
"कुठे निघालीस का?"
नाही रे, म्हटलं,
आणि पान उलटलं.