निव्वळ वजन

छत्तीस वर्षं मी साखर कारखान्याच्या फाटकात
बीटाचे ट्रक तोलले.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक,
मधली वजाबाकी माझी.
किलोचं तर कुणी नावही काढत नसे;
टायरला चिकटलेलं चिखलाचं ढेकूळ
त्याहून जड.

आता स्वयंपाकघरातल्या काट्यावर,
जिथं यार्मिला नाताळच्या बिस्किटांसाठी अक्रोड तोलायची,
तिचं पितळी वाडगं, त्यात जुना टॉवेल,
टॉवेलात हा.
सहाशे चाळीस ग्रॅम.
टॉवेलाचा धडा आधीच करून घेतलाय.
सवय जात नाही.

नाव क्नोफ्लिक. आमच्याकडे शर्टाच्या गुंडीला म्हणतात.
लेकीनं, लुडमिलानं, ब्रनोहून आणला,
बुटांच्या खोक्यात, झाकणाला भोकं पाडून.
"उंदीर मारणाऱ्यांची जात आहे बाबा,
राजेलोकांच्या मेजाखाली वाढलेली."
मी खोक्यात डोकावलो.
उंदरानं याला मारलं नाही तरी मिळवली.

डॉक्टरीण वोंद्राकोवा बोट नाचवत म्हणाली,
"दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून.
एवढ्याशा अंगात साखर साठत नाही.
एक जेवण चुकलं की गुंगी, मग थरथर, मग..."
पुढचं तिनं हातानंच सांगितलं.

साखर साठत नाही!
बाहेर हंगाम सुरू आहे,
रात्रंदिवस ट्रक जातात, कपाटातले पेले किणकिणतात,
गाव उकळत्या बीटाच्या वासात बुडालंय,
आणि त्या पांढऱ्या डोंगराच्या पायथ्याशी
याला चिमूटभराची ददात.

पलंगाचे पाय मी करवतीनं कापले.
उडी मारली तर काडेपेटीतल्या काडीसारखा मोडेल म्हणाली.
घरात आता पाय उचलून चालत नाही,
घासत घासत सरकतो, तो कुठून पायाखाली येईल नेम नाही.
शेजारच्या क्वेताला खिडकीतून वाटलं, मला अर्धांगवायू झाला.
सूप घेऊन आली. बसली. सूप तिघांनी खाल्लं,
म्हणजे त्याला फक्त गाजर,
कांदा नाही, कांदा विष.
जुन्या स्वेटरची बाही कापून अंगरखा केला,
तोही ढगळ.

पलंगावर घ्यायचं नाही, हे मी ठरवलं होतं.
पहिल्या रात्री तो रडला, मी ठाम.
दुसऱ्या रात्री तो रडला, मी रेडिओ लावला.
तिसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला
रडणं थांबलं म्हणून मला जाग आली.

ओल्या मोज्यासारखा पडला होता.
हिरड्या पांढऱ्या.
दिवा, बरणी, मेव्हण्याच्या पोळ्यांतला मध,
झाकण हटेना, मग हटलं.
करंगळीनं हिरड्यांवर चोळला.
चाटेना.
पुन्हा चोळला.
थंड फरशीवर मांडी घालून बसलो, तो शर्टाच्या आत.
टनावारी तोललं आयुष्यभर,
पण काहीच वजन नसलेली गोष्ट
इतकी जड असते, हे कुणी सांगितलं नव्हतं.
एक ट्रक गेला. पेले किणकिणले.
आवाजावरून वीस टनांचा असावा.
आणखी एक गेला.
मग करंगळीवर काहीतरी ओलं, खरखरीत.
मग तांदळाच्या कणीएवढे दात
चांगले रुतले.
"चाव," मी म्हणालो, "चाव मेल्या."

तेव्हापासून वही आहे, रेघा मारलेली:
तारीख, वजन, किती खाल्लं, शी कशी.
वर्तमानपत्र अंथरतो, खेळाचं पान वरच्या बाजूला;
आमचा संघ यंदा त्याच लायकीचा आहे.
लुडमिला फोनवर विचारते, करमतं का?
वेळ कुठंय, म्हणतो.

आज सकाळी सहाशे पंचावन्न.
दोनदा पाहिलं, चष्मा पुसून.
क्वेता म्हणाली, पंधरा ग्रॅम म्हणजे
तुमच्या ट्रकांच्या पासंगालाही पुरायचं नाही.
मी लिहून घेतलं.
खालच्या ओळीत शाई वाळायच्या आधी दिसलं,
टॉवेलाचा कोपरा गायब.
म्हणजे आता
धडा पुन्हा करायला हवा.