तिसरा रकाना

मिरकरवाड्याच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्यालगत
एक टेबल, एक पंखा, कार्बनचे कागद.
इथं बसून मी बिल्टी लिहितो.
सुरमई किती, बांगडा किती, बर्फाच्या लाद्या किती,
आणि तळाशी तीन रकाने:
गाडीमालक. वाहतूकदार. चालक.

कासम होडेकर यायचा तेव्हा
पहिल्यात त्याचं नाव लिहायचं
आणि खालच्या दोहोंत नुसत्या रेघा,
म्हणजे वरीलप्रमाणे.
"शाई वाचली तुझी," म्हणायचा.
माझी वाचायची. त्याचं काही वाचत नसे.
माशाचं खारं पाणी फळ्यांतून गळतं
आणि चेसिस खात जातं, आवाज न करता.
परमिट, पासिंग, विमा, मागचे चार टायर,
साखरप्याला मासा नरम पडला तर तोही,
सगळं एकाच खिशातून.
पण कोल्हापूरच्या व्यापाऱ्यानं दर पाडला
तर "नाही जमत" म्हणून
रातोरात गाडी बेळगावला वळवणारा
या टेबलासमोर तो एकटाच.

त्याच्या बापाची होडी होती.
वाळूवर वाटे पडायचे:
एक होडीचा, एक जाळ्याचा, एक तांडेलाचा,
उरेल ते खलाशांत.
"होडी मी, जाळं मी, तांडेल मी,"
कासम हसायचा, "आणि उपाशी खलाशी, तोपण मीच."

मग किनारा रोडवेज आली.
पहिल्या वर्षी त्यानं गाडी त्यांच्याकडे लावली.
गाडी त्याची, हप्ता त्याचा, डिझेल त्याचं,
दारावर त्यांचा निळा पट्टा,
आईचं नाव होतं बरोबर त्याच्यावर.
दुसऱ्या रकान्यात मी कंपनी लिहू लागलो.
माल बिघडला की पार्टी कंपनीला धरायची,
कंपनी कासमला.
भाडंही त्याच वाटेनं यायचं,
फक्त वाटेत शंभरातले बारा गळायचे.
दोष यायचा तो पुरा.

पुढल्या बंदीत होड्या वर ओढलेल्या,
जेटी गप्प, हप्ता चालू.
गणपतीच्या आधी गाडी गेली चिपळूणला,
किलोवर.

आता तो त्यांची गाडी चालवतो.
पगार दहा तारखेला, भत्ता वेगळा.
गाडीला नाव नाही. नंबर आहे, बेचाळीस.

परवा आंबा घाटात बेचाळीसचा पंप गेला.
फोन केला तर तिकडचं पोरगं म्हणालं,
थांबा, दुसरी गाडी पाठवतो.
मागं चार टन तारली, खाली टपटप पाणी,
"आणि मी झोपलो रे, नाटेकर."
आवाज खाली करून सांगत होता,
रोजा मोडल्याचं सांगावं तसा.
"चोवीस वर्षांत पहिल्यांदा
बंद पडलेल्या गाडीत झोप लागली.
जाग आली तर धुकं, आणि मागं रिकामं.
माल कधी हलवला तेही कळलं नाही."
बरं वाटलं? मी विचारलं.
तो बर्फाच्या कारखान्याकडे बघत राहिला.
बरंच वाटलं, म्हणाला.
मग, बऱ्याच वेळानं:
तेच तर.

आज बिल्टी लिहिताना हात गेला सवयीनं,
पहिल्या रकान्यात, कासम हो
आणि पेन थांबलं.
असू दे म्हटलं,
घाटात कोण वाचतंय हा कागद.
त्यानं वाकून बघितलं.
"खोड, बाबा, खोड. उद्या हप्ता माझ्याकडं मागतील."

खोडलं. खालच्या दोन्ही प्रतींवर
खोडलेलं नाव उमटलं.
बाहेर जाऊन त्यानं केबिनमधून टॉमी काढली
आणि बेचाळीसचे सहाही टायर
एकेक ठोकत, मान तिरपी करून,
ऐकत गेला.