रहिवासाचा पुरावा

माझ्या टेबलावर येतात त्या फायलींत
लोक आपलं असणं पिनेनं टाचून पाठवतात.
विजेचं बिल, गाडीचा परवाना, कुत्र्याला टोचलेल्या लशीची पावती.
एकीनं तर चर्चच्या भजनी ताफ्याचा फोटो जोडला होता:
मागची रांग, डावीकडून तिसरी,
बाणानं दाखवलेली.

मला फक्त महिने मोजायचे असतात.
सलग बारा, नेब्रास्कातले,
आणि तेही शिक्षणासाठी म्हणून काढलेले नकोत.
भरले, तर फी एकपट. नाही भरले, तर जवळजवळ तिप्पट,
आणि नावापुढे ‘बाहेरचा’.
एखाद्याला बाहेरचं लागावं तसा हा शब्द लागतो,
चार वर्षं उतरत नाही.

आज ऑरिन व्हेस्टरगार्ड.
बाप या काठाला, धान्याच्या कोठारावर.
आई पलीकडे, आयोवात. मध्ये पूल.
आठवड्याच्या चार रात्री तिकडे, तीन इकडे,
कोर्टानं वाटून दिलेल्या.
“प्रिय मिस टेब्बेन,
शाळा, दातांचा डॉक्टर, फुटबॉल, सगळं तुमच्याकडचं.
फक्त गादी तिकडे आहे.”
‘तुमच्याकडचं’ खोडून वर बारीक अक्षरात
‘आपल्याकडचं’ केलंय.
त्या खोडलेल्या शब्दाकडे
मी जरा जास्तच वेळ बघत बसले.

सोबत पणजोबाच्या शेताचा नकाशा.
का जोडला, कोण जाणे.
पूर्वी एका रात्रीत नदीनं पात्र बदललं
आणि इकडचं शेत तिकडच्या काठाला जाऊन पडलं.
पण ते नेब्रास्कातच राहिलं, कारण कायदा असा आहे:
नदी हळूहळू सरकली तर सीमाही तिच्यामागून सरकते,
एकदम उडी मारली, तर सीमा जागची हलत नाही.

ऑरिनच्या घरात कसं झालं असेल?
हळूहळू, की एका रात्रीत?
त्याला रकाना नाही.
मी रात्रीच मोजल्या. वर्षाच्या दोनशे आठ तिकडे,
एकशे सत्तावन्न इकडे.
दोनदा मोजल्या.
मग ‘नामंजूर’चा शिक्का उचलला, ठेवला,
आणि ‘आणखी कागदपत्रं हवीत’ असं पत्र टाईप केलं.
त्यानं काही होत नाही. तीन आठवडे जातात.

साडेपाचला ऑफिस बंद केलं, पुलावर चढले.
सांगायचं राहिलं, मीही पलीकडेच राहते.
तिकडे भाडं कमी पडतं.
एकोणीस वर्षं मी इथं आतले कोण ते ठरवते
आणि संध्याकाळी बाहेर जाते झोपायला.
माझी ग्रेटा पुढच्या वर्षी बारावीला.
तिला हेच कॉलेज हवंय, म्हणते,
“आई, तू तिथंच तर असतेस.”

पूल उतरल्यावर पंपावर पेट्रोल भरलं.
पोरानं विचारलं, पावती देऊ की नको?
नेहमी नको म्हणते.
आज म्हटलं, दे. असू दे.
आणि घडी घालताना पाहिलं,
वर पत्ता आयोवाचाच होता.